शक्तिमान उठला, पण अर्धाच

आज शक्तिमानचा डंपर झाला. म्हणजे, जवळजवळ!

लिलावातून आलेला लष्करी ट्रक, जबलपूरला जर्मन मॅन (MAN) कंपनीच्या परवान्यावर बनलेला. ताडपत्रीच्या कमानी, लाकडी फळ्यांचा हौदा गेल्या आठवड्यातच उतरवला. फळ्यांच्या फटीत गणवेशाचं एक पितळी बटण सापडलं, ते डॅशबोर्डवर चिकटवलंय.

चेसिसला थेट वेल्डिंग मारायचं नाही, यावर मी अडून बसलो. हे ट्रक खाचखळग्यात पीळ खातात आणि नेमकं वेल्डजवळच तडकतं. म्हणून वेगळी सबफ्रेम (चेसिसवरची जादा चौकट), यू-बोल्टने आवळलेली. गिअरबॉक्सला पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड), त्यावर तेलाचा पंप, पुढे हौदा उचलणारा जॅक.

दुपारी लिव्हर ओढला. नवा हौदा गुरगुरत उठला आणि अर्ध्यावर थबकला. पंप किंचाळायला लागला. खाली टेकू लावून (त्याशिवाय कुणाला आत घुसू देत नाही) तासभर व्हॉल्व्ह, होज, सगळं तपासलं. शेवटी हाताखालचं पोरगं टाकीत डोकावून म्हणालं, "मामा, तेलच नाय की!"

जॅक पूर्ण उघडायला ३२ लिटर लागतं. मी टाकी बसवली २५ची. तीस वर्षं हेच करतोय, घ्या!

उद्या ४५ची बसवतो. पोरट्याला वडापाव द्यावा लागला, वर टोमणेही ऐकतोय.