देवासजवळचा तंबूरा

'उड जायेगा हंस अकेला' रामबागेतल्या आमच्या घरी कॅसेटवर लागायचं. शब्द कबिराचे आणि चाल सगळी कुमारजींची, म्हणजे गायक कुमार गंधर्वांची, असंच मी धरून चालले होते. माळव्यात, देवासजवळच्या सासरच्या गावात एका रात्री भजनाला बसले आणि ती समजूत सुटली. गाणारा स्वतःच पाच तारांचा तंबूरा छेडत होता. जोडीला ढोलक, मंजिरे. भजन वेगळं होतं, धून चार-पाच सुरांपलीकडे गेलीच नाही. पण शेवटचा शब्द उंचावर उघडा सोडून देण्याची ती रीत! अंगावर काटा आला. ही फेक मी लहानपणापासून ओळखत होते.

कुमारजी 1948 साली क्षयामुळे देवासला आले. गाणं बंद, अंथरुणावर पडून. कानांवर मात्र दारावरून जाणारे जोगी आणि गावातल्या बायकांची गाणी. रागाचं मूळ लोकधुनेत आहे, हे त्यांनी आग्रहानं मांडलं आणि अशाच धुनांमधून मधसुरजा, सहेली तोडी असे धुनउगम राग घडवले. (मधसुरजा ऐकताना मला अजून रडू येतं.)

परत निघताना गाणाऱ्या काकांना विचारलं, ही चाल कुणी शिकवली?

"बाप गातो थो," ते म्हणाले आणि तंबूऱ्याला खोळ चढवू लागले.