चाळिशीनंतर दोरीचा मल्लखांब

सर्कशीतल्या झोक्यांचं वेड चाळिशी उलटली तरी माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. पुण्यात ट्रॅपीझ कुणी शिकवतं का, अशी चौकशी चालली होती, ती लेकीला मल्लखांब शिकवणाऱ्या ताईंच्या कानावर गेली. "हवेतच राहायचंय ना? मग दोरीवर या. ट्रॅपीझला धरायला निदान दांडी तरी असते," त्या म्हणाल्या. झालं. पेठेतल्या तालमीत सहावी-सातवीतल्या मुलींच्या रांगेत मी उभी, आणि माझं नाव 'काकू'.

सुरुवातीला दोर नुसता बघण्यापुरता. सूर्यनमस्कार, बैठका, आणि बारला लटकून गुडघे छातीशी आणणं. हे शेवटचं जमत नाही तोवर दोरावर उलटं होता येत नाही, आणि उलटं झाल्याशिवाय अढी बसत नाही. पाय वर नेऊन दोर मांड्यांत आवळायचा, डोकं खाली, आणि मग हात सोडायचे. पायांनी घट्ट धरलंय हे डोक्याला पटतं, हाताच्या बोटांना पटत नाही. ताई खालून शांतपणे म्हणायच्या, "काकू, डावा सोडा. आता उजवा." शेजारच्या दोरावरची चिमुरडी तोवर वर जाऊन उतरलेलीसुद्धा असायची.

खरी मेख मात्र पायाच्या अंगठ्यात आहे. दोराला गाठ मारायची नसते. पकड बसते ती वेढ्यांनी आणि आपल्याच वजनाने. त्यासाठी दोर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत धरावा लागतो. त्या शेजारच्या बोटातच नेमकी जोडवी! ताईंनी ती पहिल्याच दिवशी काढायला लावली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण माझ्या पायांकडे बघायच्या. चपलेचा अंगठा धरण्यापलीकडे या बोटांनी जन्मात काही केलेलं नाही, त्यामुळे दोर सटकायचा आणि जाताना बेचक्यातली कातडी सोलून न्यायचा. आधी लाल रेघ, मग फोड, मग घट्टा. घट्टा पडला तेव्हा कुठे दोर थांबायला लागला. घरी जमिनीवरचा रुमाल अंगठ्याने उचलायचा, हा माझा गृहपाठ. पुढेपुढे सासूबाईच रुमाल टाकायला लागल्या.

मल्लखांबाला पुन्हा उभं करणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे, हे तालमीत कुणीही सांगतं. मला जास्त उपयोगी पडली ती दुसरी माहिती: दोराच्या जागी पूर्वी वेत असायचा, चांगला वेत मिळेनासा झाला म्हणून सुती दोर आला. वेताने बेचक्याचं काय झालं असतं, या विचाराने माझी कुरकुर बंद झाली.

पद्मासन आता जमतं. उतरताना अजून घाई होते. हातांवर हात घेत यायचं सोडून घसरलं की तळवे भाजतात. पुढचं निद्रासन, म्हणजे दोरावर चक्क आडवं व्हायचं. ताईंना म्हटलं, कंबरेवरचे वळ जाऊ देत, मग बघू. "वळ जात नाहीत हो काकू, फक्त जागा बदलतात," म्हणाल्या, आणि दोर माझ्या हातात दिला.