आमची वाटचाल : नेमसर्व्हर बदलतानाचे दोन दिवस

बारा वर्षांपूर्वी सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानाच्या माळ्यावर दोन संगणक मांडून आम्ही संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. पहिले ग्राहक हळदीचे अडते आणि बेदाण्याचे व्यापारी होते. आज आम्ही सहाजण मिळून सुमारे दीडशे डोमेन, म्हणजे संकेतस्थळांची नोंदवलेली नावे, सांभाळतो. मधल्या साऱ्या घडामोडी सांगत बसत नाही. आमची कामाची पद्धत ज्या एका चुकीने बदलली, तेवढीच सविस्तर सांगतो.

देवगडच्या एका आंबा बागायतदारांचे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर न्यायचे होते. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली असताना या कामाला हात लावायलाच नको होता. पण जुन्या होस्टिंगच्या (साईट ठेवायला घेतलेल्या सर्व्हरवरील जागेच्या) नूतनीकरणाचे पैसे वाचावेत म्हणून आम्ही फायली हलवल्या, डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे, नेमसर्व्हर (साईट कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगणारे सर्व्हर) बदलले, कार्यालयात साईट नीट उघडते आहे एवढे पाहिले आणि संध्याकाळी जुने खाते बंद करून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. "साहेब, पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतं साईट बंद आहे, मुंबईचं म्हणतं चालू आहे. आम्ही काय समजायचं?" आमच्याकडे तर दिसते आहे, एवढेच उत्तर माझ्याजवळ होते, आणि पेट्या भरून बसलेल्या माणसाला ते देताना लाज वाटली.

साईटचा पत्ता सांगणाऱ्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे ते उत्तर इतरांनी किती वेळ जपून ठेवायचे तो आकडा, आधीच ३०० सेकंदांवर आणला असल्यामुळे पाच मिनिटांत बदल सगळीकडे पोचेल, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु तो आकडा आपल्या झोनमधल्या (नेमसर्व्हरवर ठेवलेल्या डोमेनच्या नोंदींच्या यादीतल्या) रेकॉर्डपुरता असतो. डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, हे डॉट कॉमची रजिस्ट्री (सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंदवही) सांगते आणि तिच्या उत्तराचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे पुरे दोन दिवस असतो. त्यावर आपला काही ताबा चालत नाही. ज्या इंटरनेट पुरवठादाराच्या रिझॉल्व्हरने (ग्राहकाच्या वतीने साईटचा पत्ता विचारून आणणाऱ्या सर्व्हरने) ते उत्तर आदल्या दिवशी जपून ठेवले असेल, तो मुदत संपेपर्यंत जुन्याच नेमसर्व्हरकडे जातो. ते दार आम्ही स्वतःच्या हाताने लावून घेतले होते.

तेव्हापासून नेमसर्व्हर आणि सर्व्हर आम्ही एकाच वेळी बदलत नाही. आधी नव्या नेमसर्व्हरवर जुना झोन जशाच्या तसा उतरवतो, आयपी पत्तासुद्धा (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) जुनाच ठेवतो, आणि मगच रजिस्ट्रारकडे बदल करतो. रिझॉल्व्हर कोणत्याही दाराशी गेला तरी उत्तर एकच मिळत असल्याने पाहणाऱ्याला काही कळत नाही. तीन-चार दिवस गेल्यावर आयपी बदलतो, आणि तिथे मात्र ३०० सेकंदांचा टीटीएल खरोखर कामाला येतो. जुने होस्टिंग त्यानंतरही आठवडाभर चालू ठेवतो. त्याचे पैसे ग्राहकाला आधीच सांगून बिलात लावतो.

झोन उतरवणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत नाजूक काम आहे. बाहेरून विचारून सगळे रेकॉर्ड मिळत नाहीत, कारण रेकॉर्डचे नाव ठाऊक असेल तरच डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी ही सारी यंत्रणा, उत्तर देते. म्हणून जुन्या पॅनेलमधून पूर्ण झोन काढून त्याची छापील प्रत घेतो. आमच्या एक सहकारी एकेक ओळ मोठ्याने वाचतात, दुसरा 'डिग' आज्ञेने थेट नव्या नेमसर्व्हरला विचारतो, आणि उत्तर जुळले की लाल पेनाने खूण होते. ईमेल कुठे पोचवायचा हे सांगणारा एमएक्स रेकॉर्ड सहसा कोणी विसरत नाही. राहून जातो तो ईमेलच्या डीकेआयएमचा (पत्र खरोखर आपल्याच डोमेनचे आहे हे पडताळायच्या सहीचा) लांबलचक टीएक्सटी रेकॉर्ड, आणि मग साईट उत्तम चालत असताना ग्राहकाची बिले समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात.

डोमेनवर डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय) चालू असेल, तर ती सही पडताळायला लागणारा रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड आधी काढून, त्याची मुदत संपेपर्यंत थांबावेच लागते. एरवी सही पडताळणारे रिझॉल्व्हर, उदाहरणार्थ गुगलचा ८.८.८.८, नव्या सर्व्हरचे बरोबर उत्तरही नाकारतात.

त्याच बागायतदारांचे डोमेन गेल्या वर्षी पुन्हा हलवले, या वेळी जुलैत. काम संपल्याचे कळवायला फोन केला, तेव्हा त्यांनी विचारले, "मग, सुरू कधी करताय?"