जिन्यावरचा सिंह

अदिस अबाबा, गुरुवार रात्र

आजचा दिवस सिदिस्त किलो या भागातच गेला. इथल्या विद्यापीठाच्या आवारात इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचा जुना राजवाडा आहे. आता तिथे संग्रहालय आहे. त्यांची निजायची खोली, न्हाणीघर, सगळं जपून ठेवलंय. पण मी रेंगाळलो बाहेरच्या जिन्यापाशी. इमारतीसमोर उघड्यावर एक गोल जिना उभा आहे. चढून गेलं तर वर काहीच नाही. १९३६ ते १९४१ या काळात शहर इटलीच्या ताब्यात होतं, तेव्हाचं हे बांधकाम. १९२२ साली मुसोलिनीची सत्ता आली, तेव्हापासून दर वर्षाची एक पायरी! इटालियन गेल्यावर लोकांनी जिना तसाच राहू दिला आणि शेवटच्या पायरीवर यहूदाचा सिंह, राजघराण्याचं चिन्ह, नेऊन बसवला. छोटासाच आहे तो. मला हे उत्तर फार आवडलं. पाडून टाकला असता तर मला आज काय कळलं असतं?

याच राजवाड्यात फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानीवर बाँब टाकले गेले. तो वाचला. पुढचे तीन दिवस शहरात कत्तल चालली, हजारो माणसं मारली गेली. चौकातला यकातित १२ स्तंभ (इथल्या पंचांगातली त्या दिवसाची तारीख) त्यांचाच. त्यावरची शिल्पं बघताना घशात आवंढा आला. १८९६ मध्ये अदवाच्या लढाईत तेव्हाचा सम्राट मेनेलिकनं इटलीला धूळ चारली होती. ते शल्य घेऊनच इटालियन परत आले होते.

खरं तर हे शहर वयानं लहान. १८८६ मध्ये मेनेलिकची राणी तायतूला फिल्वोहाचे गरम पाण्याचे झरे आवडले आणि एन्तोतोच्या थंड डोंगरावरून दरबार खाली उतरला. सरपण संपत आलं तेव्हा ऑस्ट्रेलियातून निलगिरी आणून लावली. डोंगरावर आजही तीच झाडं आहेत.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालयात ३२ लाख वर्षांपूर्वीची लूसी, माणसाच्या एका प्राचीन पूर्वजाचा सांगाडा, पाहिली, म्हणजे तिची प्रतिकृती. मूळ हाडं तिजोरीत असतात.

हैले सेलासींना १९७४ मध्ये हटवणाऱ्या लष्करी राजवटीनं, दर्गनं, आपल्याच तरुणांना कसं मारलं ते मेस्केल चौकाजवळच्या रेड टेरर स्मारकात मांडलंय. ते दाखवायला जास्त धैर्य लागलं असणार. उद्याची सकाळ त्यासाठीच ठेवलीय.