विंडोज ११ घालण्याआधीची साफसफाई

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी घरोघरचे असेंबल केलेले पीसी अजून त्याच्यावरच चालतात. अपग्रेड करायचं ठरलं की पहिली धाव जाते सी ड्राइव्ह रिकामा करण्याकडे. तो सगळ्यात सोपा भाग. अपग्रेड अडतं ते बहुतेकदा दुसरीकडेच.

आधी बॅकअप, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर घेतलेला नव्हे. डिस्क गेली की सी, डी, ई सगळे एकदम जातात. फाइली बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्या. ती डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणार नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ हमखास तिथेच अडतो. मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं असतील तर विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डरही कॉपी करून ठेवा. नुसत्या अपग्रेडमध्ये फॉन्ट राहतात. फॉरमॅट मारून नव्याने घातलं तर जातात, आणि मग आजोबांचं मृत्युपत्र उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती पत्रं युनिकोड (आजची सार्वत्रिक अक्षरपद्धत) नाहीत, म्हणून विंडोजचा मंगल फॉन्ट लावून काही उपयोग होत नाही.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. हार्ड डिस्क असेल तर ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ (खराब होऊन बदललेले भाग) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (संशयित भाग) या दोन ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे बघा. दोन्हीकडे शून्य हवं. पेंडिंगमध्ये काही दिसलं तर अपग्रेडचा विचार सोडा, आधी एसएसडी आणा. एरवीही विंडोज ११ हार्ड डिस्कवर चालवणं म्हणजे बैलगाडीला हेडलाइट लावणं.

धूळ काढायची ती याच टप्प्यावर. अपग्रेडमध्ये प्रोसेसर बराच वेळ राबतो, आणि गरम होऊन मशीन मध्येच बंद पडलं तर काम अर्धवट राहतं. पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि मग कॅबिनेट उघडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा वाऱ्याने भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. खरी धूळ दिसतच नाही. ती कूलरचा पंखा आणि खालच्या पत्र्या यांच्यामध्ये नमद्यासारखी बसलेली असते, त्यामुळे पंखा क्लिपांमधून सोडवावा लागतो. पूर्ण कूलर काढलात तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर कूलर सरळ ओढू नका. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर हळू पिळत सोडवा. नाहीतर वाळलेल्या पेस्टसोबत प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

उघडलंच आहे तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदला. तो मेला की बायोसच्या (बोर्डावरचा, विंडोजच्या आधी सुरू होणारा प्रोग्राम) सेटिंग्ज पुसल्या जातात आणि तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात आणि अपडेट उतरतच नाही.

आता मुख्य अडसर. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) आणि यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लागतं. टीपीएमची चिप वेगळी घ्यायची गरज सहसा नसते. बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम चालू केलं की झालं. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. यूईएफआयची गंमत वेगळी. पुष्कळ असेंबल पीसींवर विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) डिस्कवर घातलेलं असतं. ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’पुढे ‘लेगसी’ दिसलं की समजा. अशा वेळी बायोसमध्ये सीएसएम (लेगसी पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलं तर बूट डिव्हाइसच सापडत नाही. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की सगळं जागेवर येतं. आधी डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी मांडणी) करायची, मग सीएसएम बंद करायचं, हा क्रम.

जीपीटी करायचं साधन विंडोजमध्येच आहे, पण त्याची अट आहे: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन, आणि लॉजिकल (एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत पाडलेलं) एकही नको. आपल्याकडे सी, डी, ई पाडायची हौस असते. सिस्टम रिझर्व्ह्ड (विंडोजने स्वतःसाठी पाडलेलं छोटं पार्टिशन) धरून पहिली तीन प्रायमरी होतात आणि विंडोज चौथं, म्हणजे ई, लॉजिकल करतं. तिथेच त्या साधनाची तपासणी नापास होते. ईमधला डेटा बाहेर काढा, डिस्क मॅनेजमेंटमधून ई आणि त्याभोवतीचं एक्स्टेंडेड पार्टिशन दोन्ही काढा, पुन्हा तपासा. रूपांतर झाल्यावर ई नव्याने पाडता येतं. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

यानंतर सिस्टमच्या फाइलींची दुरुस्ती: ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिसम आणि एसएफसी या विंडोजच्याच दोन कमांड, आधी डिसमचं ‘रिस्टोअर हेल्थ’, मग एसएफसीचं ‘स्कॅन नाऊ’. उलट करू नका, कारण एसएफसी चांगल्या प्रती ज्या साठ्यातून घेतं तो साठा डिसम दुरुस्त करतं. डिसम मध्येच एखाद्या आकड्यावर बराच वेळ अडल्यासारखं दिसतं. खिडकी बंद करू नका.

जागा शेवटी. ३० जीबी मोकळी असली की निवांत. डिस्क क्लीनअपमध्ये ‘सिस्टम फाइल्स’चं बटण दाबा, तिथे जुन्या अपडेटचा मोठा ढीग निघतो. यादीत ‘डाउनलोड्स’वर टिक असेल तर काढा. विनएसएक्सएस फोल्डर (विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा साठा) कितीही फुगलेलं दिसलं तरी हाताने पुसू नका. रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही साफ करणारं सॉफ्टवेअर) नकोच. वाचतात काही केबी, मोडतं काय ते नंतर कळतं. बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाका, यूएसबीला लटकलेलं प्रिंटर आणि पेनड्राइव्ह सोडवा आणि मशीन ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको, कारण फास्ट स्टार्टअपमुळे ते पूर्ण बंद होतच नाही.

नवं विंडोज बसल्यावर जुनं ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये राहतं आणि १० दिवस परत फिरता येतं. त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, टॅलीचं लायसन्स, डिजिटल सहीचं टोकन सगळं एकेकदा चालवून बघा, आणि तोवर ते फोल्डर पुसू नका.