उन्हाळी मुगाचे पंधरा दिवस

चोपडा तालुक्यातील आमच्या वावरात उन्हाळी मुगाची पेरणी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात होते आणि साठ-पासष्ट दिवसांत पीक खळ्यावर येते. पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास फुलोरा सुरू होतो, म्हणजे नेमका एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा खान्देशात पारा चाळिशी ओलांडू लागतो. त्या पंधरवड्यात सकाळी उमललेले पिवळे फूल दुसऱ्या दिवशी देठासकट सरीत गळून पडलेले दिसते. झाड हिरवे असते, पाने तजेलदार असतात, पण शेंग धरत नाही. उन्हाळी मुगाचा सगळा हिशेब या पंधरा दिवसांत ठरतो, आणि या दिवसांची तयारी आदल्या पावसाळ्यापासून खताच्या खड्ड्यात करावी लागते, हे मला बऱ्याच उशिरा समजले.

मूग तरी मुळात उष्णता सोसणारे पीक आहे. हरभऱ्याचे दुखणे अधिक नाजूक आहे, कारण फुलोऱ्यात दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या वर गेले की त्याचे परागकण निकामी होऊ लागतात आणि घाटे (शेंगा) भरताना ऊन वाढले तर दाणा पोसण्याआधीच पीक वाळून पक्व होते. 1901 पासूनच्या नोंदींत देशाचे सरासरी कमाल तापमान सर्वाधिक राहिलेला मार्च 2022 चा होता, आणि तसाच फेब्रुवारी 2023 चा होता. आमच्याकडे कपाशी उपटून डिसेंबरमध्ये हरभरा पेरणाऱ्यांना त्या फेब्रुवारीने काय दिले, ते मळणीच्या वेळी बारीक, सुरकुतलेल्या दाण्यांनी सांगितले.

उष्णतेचा फटका आपल्याला फुलांवर दिसतो, म्हणून आपण उपायही फुलांवरच शोधतो. कडधान्याचे अर्धे आयुष्य मात्र मुळांवरच्या गाठींमध्ये असते. या गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र (नायट्रोजन) झाडाला मिळवून देतात आणि त्या बदल्यात झाडाने तयार केलेली साखर घेतात. जमिनीचे तापमान पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान असेपर्यंत हा व्यवहार सुरळीत चालतो. पस्तीसच्या पुढे तो मंदावतो. त्याच वेळी उन्हाने पानांची रंध्रे मिटतात, साखर कमी तयार होते आणि झाड गाठींचा वाटा आधी कापते. म्हणजे शेंगा भरण्यासाठी नत्राची गरज सर्वांत जास्त असते, नेमका तेव्हाच त्याचा पुरवठा आटतो.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण पटले ते 2022 च्या एप्रिलमध्ये. त्या वर्षी अर्ध्या एकराच्या एका पट्ट्यात कुजलेले कंपोस्ट घालून वर वाळलेल्या केळीच्या पानांचे आच्छादन केले होते आणि शेजारचा पट्टा नेहमीसारखा ठेवला होता. दुपारी अडीच वाजता जमिनीत दोन इंच खोल तापमापक खोचला, तेव्हा उघड्या पट्ट्यात 46 अंश आणि पानांखाली 35 अंश दिसले. मग दोन्हीकडची पाच-पाच झाडे खुरप्याने मातीच्या गड्ड्यासह उचलली, बादलीत हलक्या हाताने धुतली आणि गाठी नखाने चिरून पाहिल्या. आच्छादनाखालच्या गाठी आतून गुलाबी होत्या, अगदी कच्च्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या. उघड्या पट्ट्यातील बहुतेक गाठी आतून हिरवट-करड्या निघाल्या आणि काही तर बोटात पोकळ लागल्या. हा गुलाबी रंग गाठीतील लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. तो असेल तर गाठ काम करते आहे, आणि तो हिरवट झाला तर तिचे काम संपले आहे, असे समजावे. ज्यांच्याकडे मूग, उडीद किंवा हरभरा आहे, त्या प्रत्येकाने फुलोऱ्यात एकदा ही परीक्षा स्वतःच्या हाताने करावी, कारण माती परीक्षणाचा कागदही इतके स्पष्ट बोलत नाही.

आमचे आबा अशा उन्हात एकच सांगायचे, "पहिले पाणी दे, बाकी मंग दखू." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. झाडाला पाणी मिळत राहिले तर पानांतून बाष्प निघते आणि पान हवेपेक्षा थोडे गार राहते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. परंतु तापीकाठच्या आमच्या भारी काळ्या जमिनीत पाटाने भरमसाट पाणी दिले, तर ते मुळांभोवती साचते, गाठींना हवा मिळत नाही आणि त्या कुजतात. मग चार दिवसांत वरचा थर वाळून भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये तंतुमुळे तुटतात. सेंद्रिय खताचे खरे काम इथे असते. कुजलेल्या खताने मातीची ढेकळे मऊ, रवाळ होतात, पाणी मुरते, साचत नाही आणि वाफसा, म्हणजे मातीतली मुळांना मानवणारी ओल, दोन-तीन दिवस जास्त टिकतो. भर फुलोऱ्यात मिळालेले हे दोन-तीन दिवस फार मोलाचे असतात. शिवाय आमच्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) बांधले जाते आणि गाठींना तर स्फुरद भरपूर लागते. खत कुजताना तयार होणारी आम्ले त्यातला काही भाग मोकळा करतात.

खत आणायचे कोठून, हा प्रश्न आता सर्वांपुढे आहे, कारण गोठे रिकामे झाले आणि बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर आला. आमच्या भागात याचे उत्तर बांधावर पडलेले असते. केळीचा घड कापून नेल्यावर उरलेली खोडे कित्येक जण मजुरी देऊन नाल्यात किंवा रस्त्याच्या कडेला टाकतात आणि त्याच खोडांत पालाश (पोटॅश) भरलेले असते, जे पानांची रंध्रे उघडण्या-मिटण्यासाठी आणि म्हणून उष्णता सोसण्यासाठी झाडाला हवे असते. अडचण एवढीच की केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. नुसती खोडे रचली की त्यांचा चिखल होतो आणि दुर्गंधी सुटते. म्हणून आम्ही वीतभर तुकडे करून आठ-दहा दिवस सुकवतो आणि मग श्रेडरमधून काढलेल्या पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) एक थर, केळीचा एक थर आणि वर शेणकाला, असा कमरेइतका ढीग कडुनिंबाच्या सावलीत रचतो. पऱ्हाट्यांनी ढिगात हवा खेळती राहते आणि शेणाने कुजण्याला सुरुवात होते. आठवडाभरात ढिगात हात घालवत नाही इतका तो तापतो. महिन्याने एकदा उलथापालथ, मधूनमधून पाणी, आणि साधारण चार महिन्यांनी काळसर, भुसभुशीत खत मिळते, ज्याला पहिल्या पावसाचा वास येतो. रोगट झाडांची खोडे मात्र या ढिगात कधीही घालू नयेत.

हे खत एकरी दोन टन, म्हणजे हेक्टरी पाच टन, पेरणीपूर्वी शेवटच्या वखरपाळीने मातीत मिसळतो. तेवढे नसेल तर सगळ्या वावरात भुरभुरण्यापेक्षा पेरणीच्या ओळीत घालणे बरे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात शेणखताचे लहान लहान ढीग शेतभर करून पावसाची वाट पाहत ठेवण्याची जी रीत आहे, ती मात्र मनापासून सोडावीशी वाटते. त्या उन्हात खतातील नत्र हवेत उडून जाते, जिवाणू मरतात आणि शेतात शेवटी राहतो तो कोरडा भुसा.

माझ्या चुकाही सांगणे आवश्यक आहे. एका वर्षी लवकर परिणाम दिसावा म्हणून मुगाला कोंबडीखत भरपूर घातले. झाडे गुडघ्याच्या वर गेली, गर्द हिरवी झाली, पण मुळांवर गाठी जवळजवळ नव्हत्या, कारण जमिनीतच नत्र मुबलक मिळाल्यावर झाड गाठी पोसण्याचे कष्ट घेत नाही. आणि एप्रिलच्या झळांत त्या मोठ्या पानांना पाणी पुरले नाही. दुसऱ्या वर्षी अर्धवट कुजलेले शेणखत घातले आणि वाळवीने ओळीच्या ओळी खाल्ल्या. एका विक्रेत्याकडून गांडूळखताची पोती घेतली, ती पाण्यात कालवून पाहिल्यावर तळाशी निम्मी माती बसली. तेव्हापासून बाहेरचे खत ग्लासभर पाण्यात टाकून पाहिल्याशिवाय मी घेत नाही.

पऱ्हाट्यांचा कोळसा करून तो जमिनीत घालण्याबद्दल अलीकडे पुष्कळ बोलले जाते. कोळसा पाणी धरतो आणि वर्षानुवर्षे कुजत नाही, हे खरे आहे. पण त्याचे उत्तम परिणाम प्रामुख्याने आम्लधर्मी जमिनींत दिसले आहेत. आपल्या जमिनींचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास असतो आणि कोळसा व त्यातली राख तो आणखी वर नेऊ शकतात. मग भुईमुगासारख्या पिकात लोहाअभावी कोवळी पाने पिवळी पडतात. म्हणून मी कोळसा थेट वावरात न घालता थोडासा कंपोस्टच्या ढिगात मिसळतो.

आच्छादनाच्या बाबतीत गव्हाचे कुटार सर्वांत सोयीचे असते, परंतु उन्हाळ्यात ते गुरांच्या तोंडचे आहे आणि ते तिथेच जावे, असे मला वाटते. केळीची वाळलेली पाने गुरे फारशी खात नाहीत, म्हणून ती आम्ही पीक वीतभर झाल्यावर दोन ओळींमध्ये अंथरतो. काडीकचरा मातीत गाडू नये, वरच ठेवावा, कारण तो कुजताना जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि गाठी तयार होण्याआधीचे कोवळे रोप पिवळे पडते.

शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेले जीवामृत आम्ही पाण्याबरोबर सोडतो आणि समुद्री शेवाळाच्या अर्काची एक फवारणी कळी दिसू लागताच करतो. शेवाळाच्या अर्काने झाडाला ताण सोसायला मदत होते, पण ज्या पट्ट्यात खत नाही, तिथे नुसत्या फवारणीने फूलगळ थांबलेली मी पाहिलेली नाही. चाळीस अंश झाल्यावर दुकानात धाव घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे आहे. बियाण्याला रायझोबियम व पीएसबी (स्फुरद मोकळे करणारे जिवाणू) प्रत्येकी 250 ग्रॅम दर दहा किलोला चोळणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फक्त चोळलेले बी सावलीत सुकवावे आणि पेरणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी, कारण उन्हात ठेवलेल्या बियांवरचे जिवाणू मातीत पोचण्याआधीच मरतात.

चार वर्षांत आमच्या वावरातील सेंद्रिय कर्ब 0.38 टक्क्यांवरून 0.51 टक्क्यांवर आला आहे. वाढ लहान आहे, पण ज्या उन्हाने पिके करपतात तेच ऊन मातीतला कर्बही जाळते, हे लक्षात घेता ती मला मोठी वाटते. घरच्या मुगाची आणि उडदाची ददात आता नाही, आणि कळण्याच्या भाकरीला लागणारा उडीद विकत आणावा लागत नाही, याचे माझ्या आईला फार समाधान आहे.

उशिरा पेरलेल्या हरभऱ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. यंदा कपाशीचे फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक राखून घेतलेले पुढचे उत्पादन, न घेता नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच रान मोकळे करायचे ठरवले आहे. त्यातील एका एकरात ओळीतून कंपोस्ट आणि दुसऱ्या एकरात काहीच नाही, अशी पेरणी होईल. वाण दोन्हीकडे फुले विक्रमच आहे. डिसेंबरअखेरीस, फुलोरा सुरू होताना, दोन्हीकडची झाडे उपटून गाठी चिरून पाहीन आणि फेब्रुवारीत प्रत्येकी दहा झाडांवरचे भरलेले व रिकामे घाटे वेगळे मोजीन.