काव्यवाचनाची रिळे : वेगाचा गुंता सुटण्याच्या वाटेवर

इंदूरच्या रामबागेतल्या घरगुती काव्यबैठकीच्या ध्वनिफितीचे जे रीळ मागच्या नोंदीपर्यंत साफसफाईत अडकले होते, त्याच्या बिघडलेल्या वेगाचा प्रश्न या आठवड्यात अखेर मार्गाला लागला. ज्या वाटेने तो सुटतो आहे ती वाट इतरांच्याही कामाची असल्यामुळे ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

सफाईचे थोडक्यात सांगतो. पाच इंची रीळ उजेडासमोर धरले तेव्हा प्रकाश आरपार आला नाही आणि फितीला व्हिनेगरसारखा वासही नव्हता, त्यामुळे फीत ॲसिटेटची नसून पॉलिएस्टरची आहे हे स्पष्ट झाले. पांढरी बुरशी तोंडाला मास्क लावून मऊ कापडाने कोरडीच पुसली. हेड (फितीवरचा आवाज उचलणारा भाग) आणि फितीची वाट पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरावे आणि ते प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून आणावे, कारण औषधाच्या दुकानात बहुधा मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला भाग पाण्याचा असतो. फीत दाबून पुढे नेणाऱ्या प्रेशर रोलरच्या बाबतीत माझे मत आता पक्के झाले आहे : जेल रोडवर मिळालेल्या पर्यायी रोलरचा रबर लवकर चकाकू लागतो आणि फीत निसटते, म्हणून मूळ रोलरवरच नवा रबर चढवून घेणे कितीतरी श्रेयस्कर.

हेडचा कोन जुळवल्यानंतर जे ऐकू आले त्याचा आनंद मात्र नोंदवलाच पाहिजे. स्क्रू अगदी केसभर फिरवला आणि आतापर्यंत कांबळ्याआडून आल्यासारखा वाटणारा आवाज एकदम समोर आला. ‘चांदणे’मधला दंत्य च आणि ‘चंद्र’मधला तालव्य च वेगळे ऐकू येऊ लागले, श आणि स यांच्या कडा मोकळ्या झाल्या. पाकिटावर १९७२ लिहिलेल्या या रिळात त्या घरचे आजोबा केशवसुत, बालकवी आणि ग्वाल्हेरचे तांबे यांच्या कविता म्हणतात. माळव्यात मराठी कविता कशी म्हटली जात असे, कुठे चाल लागत असे आणि कुठे नुसते वाचन होत असे, याचा इतका धडधडीत पुरावा माझ्या हाती यापूर्वी आलेला नव्हता.

आता मूळ दुखण्याकडे येतो. फीत ९०० फुटांची, वेग सेकंदाला पावणेचार इंच, म्हणजे एका बाजूला ४८ मिनिटे. आरंभी आजोबांचा आवाज भारदस्त आहे, आणि बाजू संपत येते तसतसा तो पातळ, घाईचा आणि कोवळा होत जातो. ध्वनिमुद्रण बॅटरीवरच्या फिरत्या यंत्रावर झाले होते. सेल उतरत गेले तशी मुद्रणाच्या वेळी फीत मंदावत गेली, आणि माझ्या रिवॉक्स ए७७ या रीळ वाजवण्याच्या यंत्रावर ती स्थिर वेगाने वाजवली की आवाज चढतो. गाण्याच्या फितीत षड्जावरून हे चटकन पकडता येते. वाचलेल्या कवितेत तसा आधार नसतो, आणि वृत्तही इथे मदतीला येत नाही, कारण शार्दूलविक्रीडित कितीही भरभर म्हटले तरी लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन हे प्रमाण कायमच राहते. आरंभीच्या ग्रामोफोन तबकड्याही मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी कापलेल्या नसत. ७० ते ८० च्या दरम्यानचा कोणताही वेग त्यांत सापडतो, आणि तिथेही बोललेल्या शब्दांच्या तबकड्या गाण्यापेक्षा अधिक छळतात.

पहिला धागा ट्यूबलाइटच्या चोकने दिला. वीज ५० हर्ट्झची असली की चोक १०० हर्ट्झवर गुणगुणतो. फाइलची एक प्रत २ किलोहर्ट्झवर आणून सोनिक व्हिज्युअलायझर या ध्वनीचे चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ८१९२ नमुन्यांच्या (सुमारे चार सेकंदांच्या) खिडकीने पाहिली तेव्हा ती रेषा स्वच्छ दिसली. (विनामूल्य असूनही या कामात मला हे साधन महागड्या दुरुस्ती-सॉफ्टवेअरपेक्षा अधिक विश्वासाचे वाटते.) पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर त्याच परिसरात येत असल्यामुळे रेषा अक्षरांखाली दडते आणि श्लोक संपल्यानंतरच्या विरामातच नीट वाचता येते, यतीचा विराम एवढ्या मोठ्या खिडकीला पुरत नाही. आरंभी ती ९९ च्या आसपास आहे आणि बाजू संपताना १०७ च्या वर गेली आहे. आठ टक्क्यांहून अधिक फरक म्हणजे एका अर्धस्वराहूनही जास्त. ही रेषा सपाट होईल अशा बेताने वेग बदलला की आजोबांचा आवाज शेवटपर्यंत एकाच वयाचा राहतो.

काम इथेच संपायला हवे होते, परंतु पहिल्या बाजूच्या मध्यावर ती रेषा मिनिटभरात १०३.८ वरून १०२.६ वर उतरते. उतरत्या सेलवर चालणारे यंत्र रेषा फक्त वर नेऊ शकते. मधे यंत्र थांबवले असते तर विश्रांतीने सेल थोडे सावरले असते, पण तिथे श्लोकांमागून श्लोक अखंड चालू आहेत. तेव्हा घसरण फितीची नसून विजेची असणार. आपल्याकडे तेव्हा वारंवारता आजच्यासारखी आवळलेली नव्हती. पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती (जिच्यात ठरल्यापेक्षा कमीजास्त घेतलेल्या विजेचा आकार वारंवारतेनुसार बदलत असे) २००२ मध्ये लागू होण्यापूर्वी ती मागणीच्या चढउताराबरोबर बरीच हलत असे. म्हणजे चोकची रेषा सपाट करताना विजेची चूक मी आजोबांच्या आवाजावर लादत होतो की काय, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येईना. ज्यांच्या फिती विजेवरच्या सिंक्रोनस मोटरच्या यंत्रावर मुद्रित झाल्या आहेत त्यांनी तर या रेषेवर मुळीच विसंबू नये. तिथे वीज मंदावली की मोटरही तेवढीच मंदावते, आणि वेग चुकलेला असूनही रेषा बरोबर १०० वर दिसत राहते.

मग सगळी आशा पेटीवर ठेवली. बैठकीच्या आरंभी शारदास्तवन आणि शेवटी पसायदान पेटीवर झाले आहे, आणि ती पेटी त्या कुटुंबाकडे अजून आहे. तिचे स्वर आज मोजून फितीतल्या स्वरांशी ताडले की दोन्ही टोके पक्की होतील, हा विचार अजूनही मला योग्य वाटतो. पेटी उघडून पाहिली तेव्हा मात्र बहुतेक सुरांच्या पितळी पट्ट्यांवर कानशीचे ताजे ओरखडे होते. मधल्या काळात कोणीतरी सूर पुन्हा लावून घेतले होते, त्यामुळे १९७२ चा षड्ज त्या पेटीतून कायमचा गेला. फार हळहळ वाटली.

आणि मग फितीनेच उत्तर दिले. विरामांत काही पूर्वप्रतिध्वनी ऐकू येतो आहे का, हे तपासत होतो. गुंडाळलेल्या फितीच्या शेजारच्या वेढ्यावर चुंबकीय ठसा उमटल्यामुळे पुढच्या ओळीचा पहिला शब्द आधीच पुसट ऐकू येतो, तो प्रकार. त्यासाठी ३ ते ६ किलोहर्ट्झचा पट्टा वेगळा काढला, तेव्हा त्यात अत्यंत नियमित, बारीक ठोके दिसले. दिवाणखान्यातले लंबकाचे घड्याळ! लंबकाला विजेच्या वारंवारतेशी काही देणेघेणे नाही आणि सेलच्या शक्तीशीही नाही. टिक आणि टॉक यांमधले अंतर घड्याळ किंचित तिरपे असल्यामुळे सारखे नाही, म्हणून एकाआड एक ठोका धरला. चोकच्या रेषेने दुरुस्त केलेल्या प्रतीत हे अंतर सुमारे १.१०० सेकंद राहते आणि नेमक्या त्या वादग्रस्त मिनिटात १.०८७ होते. रेषेची घसरण आणि ठोक्यांचे आखडणे यांचे प्रमाण तंतोतंत जुळते, त्यामुळे तिथे वीजच मंदावली होती हे सिद्ध झाले. आता चोक बाजूला ठेवून पहिल्या बाजूची सगळी वक्ररेषा ठोक्यांवरून नव्याने आखली आहे. ऐकायला फरक जेमतेम जाणवतो, पण मध्यावरच्या त्या कवितेत एक अकारण घाई होती, ती गेली.

एवढ्याने वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत समान झाला. तो मूळचा किती होता हे ठरायचे आहे. घड्याळ आता सुदामानगरात त्यांच्या नव्या घरी बंद अवस्थेत टांगलेले आहे. लंबकाची चकती मधे कोणी वरखाली केली असली तरी चिंता नाही, कारण घड्याळ तासाला किती ठोके देणार हे चाकांच्या दातांवरून ठरते आणि दात बदलत नाहीत. दिवसाला पाच मिनिटे मागेपुढे जाणारे घड्याळसुद्धा जेमतेम ०.३५ टक्क्यांची चूक करते. राजवाड्याजवळच्या घड्याळजींकडून चाके मोजून घ्यावीत अशी योजना होती, परंतु ते उघडायला कुटुंब अजून तयार नाही, आणि त्यांची भीती मला पटते.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या बाजूवर साडेआठचा एक टोला आहे आणि पुढे नऊचे नऊ टोले आहेत. त्या दोहोंमधले ठोके मोजले की घड्याळ न उघडताच अर्ध्या तासाचा हिशोब हाती येतो. टोला काट्याच्या नेमक्या जागी पडेलच असे नाही, त्यात वीस सेकंदांचा फरक असला तरी चूक एक टक्क्याच्या थोडी वर जाते, तेव्हा हा अंदाजच राहील. पण पेटीवाचून अडलेले काम त्यावर चालू होऊ शकते, आणि दात मोजायला मिळाले की आकडा पक्का करता येईल. म्हणून घड्याळजींची भेट पुढे ढकलून आधी ठोके मोजायला घेत आहे.

मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर कोणताही बदल न करता वेगळी ठेवली आहे. आयएएसए या ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टीसी-०४ मार्गदर्शिकेत किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगितले आहेत, पण अशा बारीक ठोक्यांसाठी जास्तीची जागा असलेली बरी. गोंगाट काढण्याचे साधन मी या रिळावर चालवणार नाही, कारण ते सर्वांत आधी घड्याळ खाते आणि त्यापाठोपाठ यतीच्या जागचा श्वास. दुसऱ्या बाजूवर पावसाची मोठी सर आहे आणि तिच्यात टिकटिक बुडून जाते. तेवढ्या तुकड्यासाठी चोकची रेषाच धरून, सरीच्या आधीच्या आणि नंतरच्या ठोक्यांना ती दोन्ही टोकांनी बांधून पाहणार आहे.